कर्जात उभा राहिलेला ऑपेरा : क्वीन, १९७५

१/ थ्रेड. वेल्समध्ये मॉनमथ गावाजवळ रॉकफील्ड नावाचे एक शेत आहे. तेथील जुन्या इमारतींचे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ध्वनिमुद्रण-स्टुडिओत रूपांतर झाले. वादकांनी तेथेच राहावे, तेथेच जेवावे आणि वाटेल त्या वेळी वाजवावे, अशी सोय होती. १९७५च्या ऑगस्टअखेर या शेतावर चार तरुण उतरले. त्यांचे नाव इंग्लंडभर झाले होते, पण खिसे रिकामे होते. हा अल्बम फसला तर पुढचा निघेल याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. त्या अल्बमचे नाव ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’.

२/ या अल्बमची गोष्ट सहसा एका गाण्यापुरती सांगितली जाते, आणि महाराष्ट्रात ती त्याहून आखूड होऊन ‘आपल्या पाचगणीचा फ्रेडी’ एवढ्यावर येऊन थांबते. दोन्हींत तथ्य आहे, दोन्ही अपुरे आहे. पाचगणीपासूनच आरंभ करू, म्हणजे तिचे जेवढे श्रेय आहे तेवढे तिला मिळेल आणि पुढे बोलता येईल.

३/ फरोख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. कुटुंब पारशी, आडनावावरूनच मूळ गाव कळते, बुलसार म्हणजे आजचे वलसाड. वडील झांझिबारमध्ये वसाहती सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठ वर्षांचा होताच त्याला शिकण्यासाठी हिंदुस्थानात पाठवण्यात आले. मुंबईपर्यंत बोट, पुढे घाट चढून पाचगणी, आणि तेथे सेंट पीटर्स ही निवासी शाळा. आई-वडील समुद्रापलीकडे. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला याच शाळेत पडले.

४/ शाळेत तो पियानो शिकला. चौथ्या श्रेणीपर्यंत परीक्षाही दिल्या. १९५८च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांच्या गाण्यांच्या नकला करणारा तो शाळकरी बँड होता. मौजेची बाब अशी, की त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो मागे पियानोवर बसे. पुढे लाखोंच्या समुदायाला एका हाताच्या इशाऱ्यावर गायला लावणारा माणूस पाचगणीच्या सभागृहात साथसंगतीला होता, हे ध्यानात ठेवावे. त्याच्या संगीताचा पाया गळ्याआधी पट्ट्यांवर घातला गेला होता, आणि १९७५चा अल्बम ऐकताना ते जागोजागी जाणवते.

५/ जानेवारी १९६४मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली गेली, हजारो माणसे मारली गेली. बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला पोचले आणि लंडनच्या कडेला, विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये राहू लागले. म्हणजे वयाच्या अठरा वर्षांच्या आत या मुलाची तीन घरे झाली, आणि त्यांतील एकाकडे परतण्याची वाट कायमची बंद झाली. त्याने पुढे आपल्या बालपणाविषयी मुलाखतींत फारसे बोलणे टाळले. त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावणारे पुष्कळ आहेत. पण निर्वासिताला गतकाळाविषयी गप्प बसण्याचा अधिकार असतो, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

६/ ईलिंगच्या कला महाविद्यालयात त्याने ग्राफिक डिझाइन शिकून घेतले. १९७०मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्या बँडमध्ये तो सामील झाला. बँडचे नाव ‘क्वीन’ असावे हा हट्ट त्याचाच. स्वतःचे नाव ‘मर्क्युरी’ हेही त्यानेच घेतले. चौघांच्या राशींची चिन्हे गुंफून बँडचे मानचिन्हही त्यानेच काढले. १९७१मध्ये बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली. मे खगोलभौतिकीचा संशोधक विद्यार्थी, डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, आणि टेलर दंतवैद्यक सोडून जीवशास्त्राकडे वळलेला. रॉक संगीताच्या इतिहासात एवढा शिकलेला बँड क्वचितच सापडेल. करारपत्र वाचण्याच्या कामी मात्र हे शिक्षण उपयोगी पडले नाही.

७/ तो करार ट्रायडेंट या स्टुडिओ-मालक कंपनीशी झाला होता. ध्वनिमुद्रण, व्यवस्थापन आणि गाण्यांचे हक्क असे सर्व काही एकाच छत्राखाली. स्टुडिओतील खर्च कंपनी करी आणि तो बँडच्या खाती मांडला जाई. १९७४च्या अखेरीस ‘किलर क्वीन’ हे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचले. एप्रिल १९७५मध्ये हे चौघे टोकियोच्या विमानतळावर उतरले तेव्हा हजारो चाहत्यांनी गर्दी केली होती. परत आल्यावर मात्र प्रत्येकाच्या हाती आठवड्याला ६० पौंड. डीकनचे नुकतेच लग्न झाले होते. घराच्या पहिल्या हप्त्यासाठी त्याने ४,००० पौंड मागितले, नकार मिळाला. टेलरला तर ड्रम जरा बेताने वाजव, काठ्या मोडल्या तर नव्या घ्यायला पैसे नाहीत, असे बजावण्यात आल्याची आठवण सांगितली जाते.

८/ येथे दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ट्रायडेंटच्या एका मालकाने २०१३ साली स्वतःचे आत्मकथन लिहून आपले म्हणणे मांडले. अनोळखी पोरांवर आम्ही मोठी रक्कम लावली आणि ती वसूल होण्याआधीच त्यांना ऐषाराम हवा होता, असा त्याचा रोख आहे. व्यवहाराच्या कागदावर कदाचित ते खरेही असेल. तथापि ज्या करारात कलावंत यशस्वी होऊनही ऋणातच राहतो, त्या करारात काहीतरी मुळात चुकलेले असते. ऑगस्ट १९७५मध्ये सुटका झाली. १ लाख पौंडांची भरपाई आणि पुढील सहा अल्बमांच्या उत्पन्नातील एक टक्का, ही सुटकेची किंमत. एल्टन जॉनचे काम पाहणारे जॉन रीड नवे व्यवस्थापक झाले. पैशाचे मी पाहतो, तुम्ही स्टुडिओत जा आणि उत्तम अल्बम करा, असा त्यांचा सल्ला होता.

९/ मुलांनी तो सल्ला जरा जास्तच मनावर घेतला. एक स्टुडिओ पुरेना म्हणून लंडन परिसरात आणखी अनेक स्टुडिओ घेतले गेले. कित्येकदा एकाच वेळी तिघे तीन ठिकाणी काम करीत. खर्चाचा आकडा सुमारे ४०,००० पौंडांवर गेल्याचे सांगतात, आणि तोवरचा सर्वांत महाग रॉक अल्बम अशी त्याची ख्याती झाली. नाव मार्क्स बंधूंच्या १९३५च्या विनोदी चित्रपटावरून घेतले होते. ऑपेराच्या गंभीर रंगमंचावर तीन विदूषक घुसून धुमाकूळ घालतात, अशी त्या चित्रपटाची कथा आहे. अल्बमच्या प्रकृतीविषयी याहून प्रामाणिक सूचना देता आली नसती.

१०/ पहिलेच गाणे म्हणजे जुन्या व्यवस्थापनाला दिलेली शिवी होय. ‘डेथ ऑन टू लेग्ज’मध्ये कोणाचे नाव नाही, पण ज्याला लागायचे त्याला लागले, प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत गेले आणि न्यायालयाबाहेर मिटले. या गाण्यातील द्वेष इतका उघडा आहे, की ते सुंदर म्हणवत नाही. पण अल्बमचे दार याच किल्लीने उघडते. हे गाणे संपताच जुन्या सभागृहातल्यासारखे, पत्र्याच्या कर्ण्यातून यावे तसे एक नाजूक गाणे सुरू होते. तो आवाज कसा काढला? मर्क्युरीचा आवाज हेडफोनमधून पत्र्याच्या डब्यात सोडला आणि त्या डब्यातला आवाज पुन्हा माइकने टिपला. बस्स.

११/ हीच या अल्बमची रीत आहे. आधीच्या अल्बमांप्रमाणे याच्याही वेष्टनावर, यात सिंथेसायझर वापरलेला नाही, असे अभिमानाने छापले होते. जे ऐकू येते ते कोणी तरी वाजवलेले, गायलेले किंवा बडवलेले आहे. ‘सीसाइड रॉन्देव्हू’मध्ये टॅप-नृत्याचा ठेका ऐकू येतो; तो शिवणकामाची टोपणे बोटांत घालून मिक्सिंगच्या टेबलावर वाजवलेला आहे. त्याच गाण्यातील क्लॅरिनेट आणि ट्यूबा हे मर्क्युरी आणि टेलर यांनी तोंडाने काढलेले आवाज होत. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मधील हार्प ब्रायन मे याने वाजवला. त्याला हार्प येत नव्हता. एकेक स्वरमेळ वाजवून, टेप थांबवून, पुन्हा स्वर जुळवून, असे तुकडे जोडत ते काम पुरे झाले.

१२/ मेच्या गिटारविषयी स्वतंत्र थ्रेड लिहिता येईल, पण थोडक्यात. विकत घेणे परवडत नव्हते म्हणून १९६३पासून दोनएक वर्षे खपून त्याने वडिलांच्या मदतीने ती घरीच बनवली. दांडीचे लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचे, कंप देणाऱ्या यंत्रणेत मोटरसायकलच्या जुन्या स्प्रिंगा, आणि तिच्या दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचे बोंड. तारा छेडायला नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे. या एका गिटारीवर त्याने ‘गुड कंपनी’ या गाण्यात अख्खा जुना जॅझ बँड उभा केला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट सर्व काही. एकेका वाद्याची श्वास घेण्याची लकब गिटारवर उतरवण्यासाठी तो कधी कधी एकेक स्वर वेगळा मुद्रित करी. ज्यांना बोहेमियन ऱ्हॅप्सडीपलीकडे जायचे आहे त्यांनी आरंभ येथून करावा.

१३/ त्याचेच ‘थर्टीनाइन’ हे गाणे वरकरणी लोकगीत वाटते. काही स्वयंसेवक दूरच्या प्रवासाला निघतात, वर्षभराने परततात, तर घरी पिढ्या उलटलेल्या असतात. हा साधा विरह नव्हे. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करणाऱ्याचा काळ मंदावतो, हा सापेक्षतावादाचा निष्कर्ष त्यात गुंफलेला आहे. मेने बँडसाठी डॉक्टरेट अर्धवट सोडली होती. ग्रहांमधल्या धुळीवरचा तो प्रबंध त्याने ३० हून अधिक वर्षांनी पुन्हा हाती घेतला आणि २००७मध्ये इम्पीरियल कॉलेजची पदवी मिळवली. १९७५चे ते गाणे ऐकताना हे माहीत असलेले बरे. याच गाण्यासाठी डबल बेस घे, असे मेने डीकनला थट्टेत म्हटले. काही दिवसांत डीकन ते वाद्य शिकून हजर होता.

१४/ आता ते गाणे. निर्माता रॉय थॉमस बेकर याची आठवण प्रसिद्ध आहे. मर्क्युरीने घरी त्याला पियानोवर गाण्याचा पहिला भाग ऐकवला, मध्येच थांबला, येथे ऑपेरा येईल असे सांगितले, आणि दोघे जेवायला बाहेर पडले. बेकरने हसून सोडून दिले नाही याला कारण होते. तरुणपणी डेका कंपनीत असताना त्याने डॉयली कार्ट ऑपेरा मंडळीच्या ध्वनिमुद्रणांवर काम केले होते. समूहस्वर कसे रचतात हे त्याला ठाऊक होते. मर्क्युरीच्या डोक्यात सर्व रचना तयार होती आणि ती कागदाच्या चिठोऱ्यांवर त्याने स्वतःच्या खुणांनी टिपलेली होती. इतर तिघांना पुढचा तुकडा काय आहे हे अनेकदा गाण्याच्या वेळीच कळे.

१५/ रॉकफील्डला पियानो, बेस आणि ड्रम यांचा सांगाडा मुद्रित झाला. ऑपेरासाठी जागा मोकळी सोडली. मग सुमारे तीन आठवडे केवळ गळे. दिवसाला दहा-बारा तास. समूहात असंख्य माणसे आहेत असे वाटते, पण गाणारे तिघेच होते. खालचा पट्टा मेचा, मधला मर्क्युरीचा आणि कानठळ्या बसवणारा वरचा टेलरचा. डीकन गात नसे.

१६/ तिघांचे तिनशे कसे झाले हे समजून घ्यायला टेपचे गणित पाहावे लागते. त्या वेळी दोन इंच रुंदीच्या टेपवर २४ ट्रॅक बसत. तिघे मिळून एक ओळ गात, पुन्हा तीच ओळ, पुन्हा तीच. ट्रॅक भरले की ते सर्व मिसळून एक-दोन ट्रॅकांवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचे. अडचण अशी की प्रत्येक उतरवणीत थोडा तजेला जातो आणि थोडी खरखर वाढते. शिवाय एकदा मिसळले की वेगळे करता येत नाही. चूक झाली तर सर्व पुन्हा. १८० पर्यंत थर चढल्याचे सांगितले जाते. टेप इतक्या वेळा यंत्रातून फिरली, की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजला आणि उजेडात धरली असता तिच्यातून आरपार दिसू लागले. ध्वनी ज्या पदार्थात साठतो तो पदार्थच खरवडला जात होता. वेळीच ध्यानात आले म्हणून प्रत काढली गेली.

१७/ दरम्यान मर्क्युरी रोज नवी भर घालीत होता. गॅलिलिओच्या नावाचा आणखी एक पुकारा, आणखी एक. तो आला की बेकरने ब्लेडने टेप कापायची आणि नवा तुकडा जोडायचा. इतके जोड झाले, की टेप फिरू लागली म्हणजे झेब्रा क्रॉसिंग पळत असल्यासारखी दिसे, असे बेकर सांगत असे. आज एका बटनाने होणारे काम त्या काळी असे हाताने, चिकटपट्टीने आणि परत फिरण्याची वाट तोडून केले जाई. त्या भागात जी विलक्षण ताणलेली ऊर्जा आहे, ती काही अंशी या जोखमीचीही असावी.

१८/ शब्दांत इटालियन विनोदी रंगभूमीवरचा स्कारामूश आहे, ऑपेरातला फिगारो आहे, खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओ आहे, आणि अरबीतले ‘बिस्मिल्ला’ही आहे. झांझिबारसारख्या मुस्लिमबहुल बेटावर वाढलेल्या मुलाच्या कानी हा शब्द असणे स्वाभाविक होते. त्यावरून समाजमाध्यमांवर किती मनोरे रचले जातात! कोणी त्यात झरथुष्ट्री मताची रूपककथा वाचतो, कोणी गुपित कबुली, कोणी स्थलांतराची शोकांतिका. मर्क्युरीने अर्थ कधीच सांगितला नाही. ऐकणाऱ्याने ठरवावा, एवढेच तो म्हणे. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा ठिकाणी हात आवरता घ्यावा. कागदोपत्री जे आहे ते एवढेच, की एका तरुणाने खून केल्याचे आईला सांगणारे गाणे मध्येच विनोदी ऑपेरात शिरते, तेथून संतापाने बाहेर पडते आणि एका घंटेच्या गंभीर नादावर विझते. त्याला पुन्हा म्हणावे असे ध्रुवपद नाही.

१९/ गाण्याची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. रेडिओवर त्या काळी तीन-साडेतीन मिनिटांपलीकडचे गाणे जड मानले जाई, म्हणून कंपनीला ते एकल तबकडी म्हणून नको होते. कंपनीच्या अधिकाऱ्यांना कापाकापी हवी होती. बँड अडून बसला. जेवढे आहे तेवढे, नाहीतर नाही. मर्क्युरीने एक प्रत लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट याला दिली आणि ती वाजवायची नाही अशी ताकीदही दिली. ताकीद कोणत्या सुरात दिली असेल हे सांगायला नको. एव्हरेटने शनिवार-रविवारी मिळून ती १४ वेळा वाजवली. सोमवारी दुकानांत लोक न निघालेली तबकडी मागत होते.

२०/ ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ती बाजारात आली. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात ओठ हलवून सादर करण्याजोगे हे गाणे नव्हते, आणि बँड तर दौऱ्यावर निघालेला. म्हणून १० नोव्हेंबरला एल्स्ट्री येथे दिग्दर्शक ब्रूस गावर्स याने चार तासांच्या आत एक चित्रफीत काढली. खर्च सुमारे ४,५०० पौंड. काळोखातून वर पाहणारे चार चेहरे १९७४च्या ‘क्वीन टू’ अल्बमच्या मुखपृष्ठावरून उचललेले होते. जगातील पहिला म्युझिक व्हिडिओ म्हणून याचा डंका पिटला जातो. ते बरोबर नाही, बीटल्ससह अनेकांनी आधी अशा फिती काढल्या होत्या. मात्र तबकडी विकायची तर फीत हवीच, हे कंपन्यांना या फितीने पटवले.

२१/ गाणे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. जानेवारी १९७६मध्ये त्याला खाली खेचले ते ॲबाच्या ‘मामा मिया’ने. ज्यांना ऑपेराचा भाग पाठ आहे ते येथे हसतील. २१ नोव्हेंबरला निघालेला अल्बमही ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोचला. कर्ज फिटले, बँड वाचला.

२२/ पैशाचे भांडण मात्र संपले नाही, फक्त घरात आले. एकल तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचे ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ होते. ते तेथे जावे म्हणून तो कपाटात कोंडून घेऊन बसला होता म्हणतात. हट्टामागे हिशेब होता. तबकडी विकली गेली की पुढच्या आणि मागच्या गाण्याच्या लेखकाला सारखीच रॉयल्टी मिळे. त्यामुळे तीन आठवडे गळा झिजवलेल्या ऑपेराइतकीच कमाई मोटारगाडीवरच्या गाण्याने केली. हा सल बँडमध्ये अनेक वर्षे राहिला. अखेर १९८९च्या ‘द मिरॅकल’ अल्बमपासून सर्व गाण्यांवर चौघांचे मिळून नाव लावायचे ठरले. इतके साधे उत्तर सुचायला १४ वर्षे लागली. तोवर मर्क्युरी आजारी होता, आणि ते चौघांना ठाऊक होऊ लागले होते.

२३/ समीक्षक विभागलेले होते. कोणाला हे भव्य वाटले, कोणाला निव्वळ भपका. वर्षभरात पंक आले. तीन स्वर आणि एक शिवी यांवर चालणाऱ्या त्या संगीताला क्वीन म्हणजे थोतांडाचा नमुना वाटे. योगायोग असा, की १ डिसेंबर १९७६ रोजी ज्या दूरदर्शन कार्यक्रमात सेक्स पिस्तल्सने शिव्या देऊन देश हादरवला, त्या कार्यक्रमाला मुळात क्वीन जाणार होते. त्यांनी ऐनवेळी नकार दिला म्हणून ही पोरे बसवली गेली.

२४/ प्रत्यक्ष मैफलीत ऑपेराचा भाग गाणे तिघा-चौघांना शक्य नव्हते. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा धाडसी होता. तो भाग येताच बँड रंगमंच सोडून जाई. अंधार, दिव्यांचा खेळ, आणि टेपवरून आवाज. रॉकचा कडक भाग सुरू होताच स्फोटासह चौघे परत येत. नकली ओठ हलवण्यापेक्षा रिकामा रंगमंच दाखवणे त्यांनी पसंत केले. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’चे उलट झाले. १९८१च्या दक्षिण अमेरिका दौऱ्यात मर्क्युरीने पहिले शब्द उच्चारावेत आणि पुढचे सर्व गाणे हजारो लोकांनी त्यांची नसलेल्या भाषेत म्हणावे, असे घडू लागले.

२५/ २३ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरीने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. अंत्यविधी लंडनमध्ये झरथुष्ट्री पद्धतीने, पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत झाले. ज्या मुळांविषयी तो जाहीरपणे बोलला नाही, ती कुटुंबात तुटलेली नव्हती. डिसेंबरमध्ये बोहेमियन ऱ्हॅप्सडी पुन्हा प्रकाशित झाली आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेली. उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाले. त्या काळात एड्सचा उच्चारही लोक दबक्या आवाजात करीत. १९९२मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात चार-पाच टवाळ मुले मोटारीत बसून मान झटकत हे गाणे म्हणतात, आणि अमेरिकेत ते १९७६पेक्षाही वर, दुसऱ्या क्रमांकावर चढले.

२६/ सप्टेंबर २०२३मध्ये लंडनला सदबीजने मर्क्युरीच्या घरातील वस्तूंचा लिलाव केला. ज्या पियानोवर हे गाणे घडले तो सुमारे १७ लाख पौंडांना गेला. त्याबरोबर गाण्याचे हस्तलिखित कच्चे कागदही होते, एका विमान कंपनीच्या छापील कागदांवर पेन्सिल-पेनने लिहिलेले. खाडाखोड पुष्कळ आहे. एका पानाच्या माथ्यावर गाण्याचे नाव आहे, ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’. त्यातला पहिला शब्द खोडलेला असून त्याच्या वर त्याच हाताने ‘बोहेमियन’ लिहिले आहे.